भिंतीवरच्या अकरा ओळी

सरकारी शाळेच्या हॉलमधल्या अकरा ओळी ज्यानं लिहिल्या, त्याला गावात कुणी पेंटर म्हणत नसे. सगळे त्याला छापखाना म्हणत. परगावचा माणूस त्यानं रंगवलेली पाटी बघून हमखास विचारायचा, ही कुठल्या छापखान्यातून करून आणली, आणि गावातला माणूस छाती फुगवून सांगायचा, छापखान्यातून नाही, हातानं. पुढे पुढे त्याची बायकोसुद्धा दारात कुणी आलं की आत वळून हाक मारायची, "अहो छापखाना, गिऱ्हाईक आलंय."

अक्षर त्याच्या हातात घातलं ते मामांनी. वडील लवकर गेले, आणि पोरगा मामांच्या पदरात पडला. मामा कडक. पहिली तीन वर्षं त्यांनी त्याला रंगाच्या डब्याला हात लावू दिला नाही. पाण्यात बुडवलेला ब्रश आणि मागच्या अंगणातली फरशी, बस्स. पाण्यानं अक्षर काढायचं, आणि ते वाळायच्या आत पुढचं काढायचं. चुकलेलं अक्षर आपोआप नाहीसं व्हायचं, त्यामुळे चुकायची भीती नव्हती. जमलेलंही नाहीसंच व्हायचं, त्यामुळे माजायला जागा नव्हती. चौथ्या वर्षी मामांनी त्याच्यापुढे काळ्या इनॅमलचा डबा ठेवला आणि एवढंच म्हणाले की आता जे काढशील ते राहील, तेव्हा जपून.

तो मनापासून देवाचं करणारा माणूस होता, देखल्या देवा दंडवत घालणाऱ्यांतला नव्हे. सकाळी उठून अंघोळ, मग त्याच्या धर्मातली ती अकरा वचनं सावकाश, अर्थ लावत म्हणायची, आणि मगच चहा. आजारपणातही यात कधी खंड पडला नाही. म्हणून बावीस वर्षांचा असताना जेव्हा शाळेचे तेव्हाचे हेडमास्तर आणि प्रार्थनाघराचे विश्वस्त मामांकडे आले, आणि हीच अकरा वचनं हॉलच्या समोरच्या भिंतीवर लिहून हवीत म्हणाले, तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला. मामांचे गुडघे गेलेले होते, त्यांना परांचीवर चढवेना. काम भाच्यावर आलं.

सतरा दिवस लागले. भिंत चाळीस फूट लांब, अक्षरं वीतभर उंच. गेरूत बुडवलेली दोरी ताणून त्यानं रेघा आखल्या, पेन्सिलीनं आकार धरले, मग हात टेकवायची काठी डाव्या हातात धरून एकेक अक्षर भरलं. प्रत्येक ओळ लिहायच्या आधी ती तोंडानं म्हणायची, असं त्यानं ठरवलं होतं. अठराव्या दिवशी सकाळी दारं उघडली. तीनशे मुलं गलका करत आत शिरली, आणि भिंत बघून पुढची रांग अशी गप्प झाली की मागच्या रांगा तिच्यावर येऊन आदळल्या. एका मास्तरांना त्यानं डोळे पुसताना पाहिलं.

त्या दिवसापासून रोज सकाळी मुलं त्या ओळी भिंतीवर बघून मोठ्यानं म्हणू लागली. पेंटर त्या वेळेला शाळेवरून सायकल घेऊन जायचा आणि खिडक्यांपाशी पाय टेकायचा. आपण एकदा लिहिलेलं एवढी तोंडं रोज वाचताहेत, हा विचार त्याला पेलायचा नाही. लग्न झालं, मुलगी झाली, ती मोठी होऊन दुसऱ्या शहरात नोकरीला गेली, हजारो पाट्या लिहून झाल्या, तरी कुणी विचारलं की तुमचं मोठं काम कोणतं, तर तो शाळेकडे बोट दाखवायचा.

शाळेपासून दोन गल्ल्या पलीकडे त्याचं दुकान. त्याला लागून, मधे फक्त एक पत्रा, एका शिवणवालीचं दुकान. ती त्याच्याहून बारा वर्षांनी लहान. तो तिला ताई म्हणे, ती त्याला दादा. नवरा गेल्यावर मशीन घेऊन बसली ती तीस वर्षं तिथेच. पत्र्यापलीकडचं मशीन थांबलं की पेंटरला कळायचं, चहा आला. चिंध्या ती त्याच्यासाठी राखून ठेवायची, त्यातही सुती तेवढ्या वेगळ्या बांधून. नायलॉनच्या चिंधीनं ब्रश पुसला जात नाही हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

तिचा धर्म वेगळा होता. गावात त्यांची जेमतेम चाळीस घरं. तिच्या मशीनच्या वर एक चौकट टांगलेली होती, आणि तीत तिच्या आईनं कापडावर भरलेलं त्यांच्या धर्मातलं एक वचन होतं: 'दार उघडें आहे. ये.' जुन्या वळणानं 'उघडें'वर टिंब दिलेलं. पेंटरला ते टिंब फार आवडायचं. हल्लीच्या लोकांनी अक्षरांच्या डोक्यावरची टोपी काढून घेतली, असं तो चहा पिता पिता म्हणायचा, आणि ती हसायची. यापलीकडे धर्माचं बोलणं त्या दोन दुकानांत कधी निघालं नाही.

मग ताईची नात पहिलीत गेली. चौथ्या दिवशी ती शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि मशीनजवळ उभी राहून विचारलं, "आजी, मी काय केलं?"

काहीच केलं नव्हतं. पण ज्यांच्या घरी ती अकरा वचनं म्हणत नाहीत, त्या मुलांना प्रार्थना संपेपर्यंत हॉलबाहेर व्हरांड्यात उभं करायची शाळेची जुनी रीत होती. रागावून नाही, अगदी प्रेमानं, हाताला धरून. मोठ्या मुलांना ते अंगवळणी पडलं होतं. सहा वर्षांच्या पोरीला मात्र एकच अर्थ ठाऊक होता: बाहेर उभं करतात ते ज्यानं काही केलंय त्याला.

पुढच्या आठवड्यात ताई वकिलाकडे गेली आणि कोर्टात अर्ज दिला, की शाळा सरकारची आहे, म्हणजे सगळ्यांची आहे, आणि सगळ्यांच्या शाळेच्या भिंतीवर एकाच धर्माची वचनं नसावीत.

पेंटरला हे वर्तमानपत्रातून कळलं. त्यानं ती बातमी दोनदा वाचली, पेपरची घडी घातली आणि पत्र्याला वळसा घालून तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

"माझ्या अक्षरांवर कोर्टात गेलीस, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"अक्षरांवर नाही गेले, दादा," ती म्हणाली. पण पुढचं ऐकायला तो थांबला नाही.

चहा बंद झाला. तीस वर्षं ज्या पत्र्यातून एकमेकांचा खोकलासुद्धा ऐकू यायचा, तो पत्रा दगडी भिंतीसारखा झाला. चिंध्यांचं गाठोडं मात्र दर शनिवारी त्याच्या पायरीवर असायचं. तो ते उचलायचा नाही. सोमवारी ती ते मुकाट्यानं परत न्यायची.

दोन वर्षं खटला चालला. गावातल्या कितीतरी बायकांनी तिच्याकडे कपडे टाकणं सोडलं. शेवटी निकाल आला. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की घरात, प्रार्थनाघरात, मनात माणसानं हवा तो देव ठेवावा, सरकारनं त्यात पडू नये. आणि नेमकं म्हणूनच सरकारच्या शाळेच्या भिंतीनं कुणाच्या देवाची बाजू घेऊ नये. कोणतंही धर्मवचन त्या भिंतीवर राहता कामा नये. मुदत साठ दिवस.

काम करायला कुणी मिळेना. गावातल्या बाकीच्या तिन्ही रंगाऱ्यांनी मोठ्या बाईंना, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकांना, हात जोडले. मग शिक्षण खात्यानं कळवलं की शहरातून कंत्राटदार येईल, घासायचं यंत्र लावील, एका दिवसात काम उरकेल. ते पत्र घेऊन मोठ्या बाई स्वतः पेंटरच्या घरी आल्या. काम करा असं म्हणायला त्या आल्या नव्हत्या. त्यांचं एवढंच म्हणणं होतं, की यंत्र लागायच्या आधी काकांना कळायला हवं, शेवटचं बघायचं असेल तर बघून घ्यावं.

त्या गेल्यावर पेंटर ओसरीवरून आत आला. मग ताईला उद्देशून बोलू नये ते बोलला. बायको भाजी निवडत होती. तिनं हात थांबवला नाही.

"ती स्वतःसुद्धा त्या व्हरांड्यातच उभी असायची," बायको म्हणाली. "सात वर्षं. मी तिच्या चार वर्षं पुढे होते. तुम्ही भिंत लिहिलीत तेव्हा आम्हाला आत नेलं ती बघायला. तिच्यासकट तिच्या धर्माच्या सहाजणींना बाहेरच ठेवलं."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही त्या भिंतीबद्दल इतकं बोलायचात, की मधे बोलायला जागाच नसायची."

दुसऱ्या दिवशी तो सकाळच्या वेळेला शाळेत गेला. नेहमीसारखा रस्त्याकडून नाही, फाटकातून आत. हॉलमधून त्याच्या ओळी ऐकू येत होत्या. व्हरांड्यात नऊ मुलं भिंतीला टेकून उभी होती. एक मुलगा खांबाचे पोपडे काढत होता. ताईची नात, आता आठ वर्षांची, बुटाच्या टोकानं फरशीची एकच रेघ पुन्हा पुन्हा गिरवत होती. सेहेचाळीस वर्षं तो खिडकीबाहेर थांबला होता, पण खिडकी होती एका बाजूला आणि व्हरांडा दुसऱ्या. तिकडं तो कधी गेलाच नव्हता.

प्रार्थना संपली. तो मोठ्या बाईंच्या खोलीत गेला आणि म्हणाला, यंत्र नको, मी काढतो.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. प्रार्थनाघराचे विश्वस्त तावातावानं घरी आले. ज्या हातानं लिहिलं त्याच हातानं पुसणार का, असं त्यांनी विचारलं. पेंटर म्हणाला की दुसऱ्याच्या हातानं पुसलेलं मला बघवणार नाही. ते चहा न घेता गेले.

शाळेला महिनाभर सुट्टी होती. त्यानं परांची बांधली, खाली जुन्या चादरी अंथरल्या, म्हणजे भुकटी पायाखाली येणार नाही. नुसता वरून रंग मारणं त्याच्या हिशेबात बसत नव्हतं. तेलरंगावर चुना मारला तर वर्ष-दोन वर्षांत अक्षरं खालून डोकं वर काढतात, हे त्याला पक्कं माहीत होतं. खरवडायला हवं होतं. त्यानं शेवटच्या, अकराव्या ओळीपासून सुरुवात केली आणि वर चढत गेला. प्रत्येक ओळ खरवडण्याआधी तो ती एकदा म्हणायचा, लिहिताना म्हटली होती तशीच. मोठ्या बाई एकदा दारातून डोकावल्या आणि पाऊल न वाजवता परत गेल्या.

चौथ्या दिवशी, सातव्या ओळीच्या खाली, पत्र्याच्या पट्टीला काहीतरी वेगळं लागलं. चुन्याचा एक जाड पोपडा हाताएवढा सुटून आला आणि आत निळं दिसलं. त्याच्या स्वतःच्या ओळी काळ्या होत्या. निळा त्यानं त्या भिंतीवर कधीच वापरला नव्हता. त्यानं ओलं फडकं फिरवलं. एक वळण उजळलं, मोठं, हातभर उंचीच्या अक्षराचं. पट्टी बाजूला ठेवून तो नखानं आणि पटाशीच्या टोकानं जपून चुना काढू लागला. संध्याकाळपर्यंत 'उघडें' एवढा शब्द मोकळा झाला, आणि त्याच्या डोक्यावर एक टिंब निघालं.

ते टिंब त्यानं तीस वर्षं चहाबरोबर पाहिलं होतं.

तो परांचीवरच बसला. मग त्याच्यातला कारागीर जागा झाला, आणि त्याला जास्तच धडकी भरली. कारण अक्षरं विलक्षण होती. 'उ'चं पोट एका दमात ओढलेलं, मधे ब्रश उचलल्याची खूण नाही, कडेला थरथर नाही. चुना ओला असतानाच रंग भरलेला असावा, तो भिंतीत मुरून भिंतच झाला होता. शंभर वर्षं तर सहज झाली असतील. कोण होता तो माणूस, कुठून शिकला, कुणाला ठाऊक. ज्याला अख्खं गाव छापखाना म्हणत होतं, तो अडुसष्टाव्या वर्षी एका नावगाव नसलेल्या माणसाच्या रेघेपुढे शिकाऊ होऊन बसला.

आणि त्याला मामा आठवले. लिहिण्याआधी ही भिंत घासायला घेतली तेव्हा ते खाली खुर्चीवर बसून ओरडले होते, "खोल जाऊ नकोस. वरचं गुळगुळीत कर." त्याला वाटलं होतं, मामांना घाई आहे. आता कळलं, मामांना माहीत होतं.

तो खाली उतरला, हात धुतले, आणि दोन वर्षांनी प्रथमच पत्र्याला वळसा घालून गेला. ताई मान खाली घालून काजं करत होती.

"ताई, हॉलमध्ये चल. भांडायला नाही. दाखवायचंय काहीतरी."

तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, सुई कापडात टोचून ठेवली आणि उठली. हॉलच्या दारात मात्र ती अडली. सात वर्षं त्या दाराबाहेर उभी राहिलेली बाई, तिचा पायच उचलेना. पेंटर तिच्या बाजूला नुसता उभा राहिला. मग ती आत आली आणि वर बघितलं. ओठ तेवढे हलले. शेवटी तिनं विचारलं, माझ्या शाळेच्या वर्षांतही हे इथेच होतं का? तो म्हणाला, होतं, नखभर चुन्याखाली.

आणखी तीन दिवसांत अख्खी ओळ उघडी झाली. एकच ओळ, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत: 'दार उघडें आहे. ये.' गाव लोटलं बघायला. वरच्या अंगाला पेंटरच्या सहा काळ्या ओळी आणि खाली ते अथांग निळं. लोक येताना बोलत यायचे आणि आत आल्यावर गप्प व्हायचे. म्हातारी माणसं मग हळूहळू बोलू लागली. शाळा बांधली तेव्हा गावात ताईच्या धर्माचीच माणसं जास्त होती, कारभारही त्यांच्याच हातात होता. मग काळ फिरला, ती माणसं पांगली, आणि कुणीतरी कधीतरी चुना फासला. असं म्हणे.

तिच्या प्रार्थनाघराचे वडीलधारे आले. निवृत्त पोस्टमास्तर, अत्यंत मऊ बोलणारे. भिंतीसमोर त्यांनी डोकं टेकवलं. मग त्यांनी मोठ्या बाईंना, विश्वस्तांना, पेंटरला आणि ताईला एकत्र बसवलं. त्यांचं म्हणणं असं, की हे नुसतं वचन नाही, हा ठेवा आहे. कोर्टाला हे माहीत नव्हतं. अर्ज ताईचा होता, तेव्हा ताईनंच आणखी एक अर्ज द्यावा की एवढं राहू द्या. कोर्ट तिचं ऐकेल. विश्वस्त म्हणाले की मग आमचंही राहिलं पाहिजे. मोठ्या बाई कपाळाला हात लावून बसल्या.

आश्चर्य म्हणजे पेंटरही पोस्टमास्तरांच्या बाजूनं बोलला. त्यानं सांगितलं की माझं गेलं तर गेलं, पण हे मी खरवडू शकत नाही, माझा हात धजणार नाही. असं अक्षर पुन्हा होणार नाही.

सगळे ताईकडे बघू लागले. ती भिंतीकडे बघत होती.

"हे लिहिलं तेव्हा आपली माणसं जास्त होती," ती म्हणाली. "रोज सकाळी आपली मुलं इथं उभी राहून हे म्हणत असतील. ज्यांचं हे नव्हतं, ती कुठं उभी असतील?"

पोस्टमास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"दादा, तुमची आजी याच शाळेत होती ना?"

पेंटरनं मान हलवली. आजी दोन वर्षं शाळेत गेली होती, मग तिनं शाळेचं नावच टाकलं. का, ते कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायची, थंडी वाजायची तिथं. घरात सगळे त्यावर हसायचे.

"वर लिहिलेलं, दार उघडं आहे," ताई म्हणाली, "आणि ती दाराबाहेर."

पोस्टमास्तर कळवळून म्हणाले, "पोरी, हे आपल्या बापजाद्यांचं आहे गं."

"म्हणून तर मला सांगता येतं. त्यांचं काढा आणि माझं ठेवा, असं मी म्हटलं, तर मी कोर्टात खोटं बोलले असं होईल." मग ती पेंटरकडे वळली. "काढा, दादा. तुमच्याच हातानं काढा. दुसऱ्या कुणाच्या हातात मी हे देणार नाही."

पेंटर तिच्याकडे बघत राहिला. जन्मभर त्यानं सरळ रेघ शोधली होती, दोरी ताणून, काठी टेकवून, श्वास रोखून. दोन वर्षं त्याच्या धर्माच्या लोकांनी तिला वाळीत टाकल्यासारखं केलं. आता तिच्या स्वतःच्या माणसांची नजरही फिरणार, हे ती जाणून होती. ती काही चिडलेली नव्हती, आणि आपण काही मोठं करतोय असा भावही तिच्या तोंडावर नव्हता. शिवण उसवायची असली की ती जशी टाका बघून कात्री लावायची, तसंच बोलली होती. त्याला वाटलं, चुना ओला असताना एका दमात रेघ ओढणाऱ्या त्या जुन्या माणसाचा हात असाच असेल.

पोस्टमास्तर उठून गेले. विश्वस्तांनीही मान खाली घातली. जिंकल्यासारखं त्यांनाही वाटत नसावं.

खरवडण्याआधी एक गोष्ट मात्र केली. ताईनं कोऱ्या मांजरपाटाचे पट्टे जोडून भिंतीएवढं लांब कापड शिवलं. ते भिंतीवर ताणून दोघांनी दोन दिवसांत ती ओळ टिंबासकट छापून घेतली. तो पेन्सिल फिरवायचा, ती कापड ताणून धरायची. तीस वर्षांत दोघांनी एकत्र केलेलं ते पहिलंच काम. कापड ताईच्या प्रार्थनाघरात गेलं. पोस्टमास्तरांनी ते घेतलं, पण ताईशी ते पुढे वर्षभर बोलले नाहीत. मोठ्या बाईंनी विचारलं, काका, तुमच्या ओळींचं कापड नको का? तो म्हणाला, माझ्या मला पाठ आहेत.

मग त्यानं निळं काढलं. त्याला सहा दिवस लागले, कारण ते भिंतीत मुरलेलं होतं. त्याच्या उरलेल्या सहा ओळी चार दिवसांत निघाल्या. खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पॉलिश पेपर मारला, पांढऱ्या रंगाचे तीन हात दिले. खात्यातून कुणीतरी सुचवलं की भिंत ओकी दिसेल, एखादं सुविचाराचं वाक्य लिहा. पेंटरनं ब्रश धुवायला घेतले होते. त्यानं तोंड न वळवता सांगितलं, राहू द्या.

सुट्टी संपल्यावर पहिल्या सकाळी मोठ्या बाईंनी दोघांना बोलावलं. तीनशे मुलं आत आली. या वेळी सगळीच आत. नात तिसऱ्या रांगेत होती आणि शेजारणीशी कोपरानं जागेवरून भांडत होती. मोठ्या बाईंनी सांगितलं की आता आपण दोन मिनिटं शांत उभं राहू. ज्याला जे म्हणायचं ते त्यानं मनात म्हणावं, काही म्हणायचं नसेल तर नुसतं उभं राहावं, पण शेजाऱ्याला त्रास देऊ नये. शेवटचं वाक्य त्यांनी नातीकडे बघून म्हटलं.

हॉल शांत झाला. पूर्वेच्या खिडक्यांतून ऊन भिंतीवर आलं, आणि ती एवढी मोठी पांढरी भिंत हळूहळू उजळत गेली. पेंटरनं सवयीनं मनात पहिली ओळ धरली, मग दुसरी. वर बघायला काही नव्हतं, म्हणून त्यानं समोर बघितलं. तीनशे डोकी. कुणाचे डोळे मिटलेले, कुणाचे ओठ हलत होते, एकजण छताकडे बघत होता, एकीनं हाताची बोटं घट्ट गुंफली होती. कोण काय म्हणतंय, कुणाला म्हणतंय, म्हणतंय की नाही, यातलं काहीच कुणाला कळत नव्हतं. मोठ्या बाईंना नाही, कोर्टाला नाही, त्यालाही नाही. शेजारी ताई उभी होती, तिच्या मनातलंही त्याला कळत नव्हतं. एवढ्याशा हॉलमध्ये एवढं काहीतरी चाललेलं होतं आणि त्यातलं अक्षरही दिसत नव्हतं. सेहेचाळीस वर्षांपूर्वी अंगावर आला होता तसा काटा त्याच्या अंगावर आला, आणि तो पाचव्या ओळीवर अडखळला. जन्मात पहिल्यांदाच. मग त्यानं पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली.

कुणीतरी जोरात शिंकलं. सगळा हॉल हसला. मोठ्या बाईंनीही हसू दाबलं आणि घड्याळाकडे बघून सांगितलं की अजून अर्धं मिनिट आहे.